बोट दिसतंय

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेकोरबाई म्हणत. हे कौतुक आहे की टोमणा, याचा शोध तिने कधी घेतला नव्हता. जे मोजता येत नाही त्याच्या नादी ती लागत नसे.

तिचं यंत्र मोठं सोयीचं होतं. पूर्वी बियांमधलं तेल आणि साखर तपासायची म्हणजे बी दळा, भिजवा, गाळा, आटवा; तोवर साहेबांची बदली व्हायची. आता बी पात्याने कापायचं, चिमट्यात धरायचं आणि यंत्राच्या तोंडाशी न्यायचं. गरम वायूचा झोत त्यावरून जाई, उडेल ते यंत्र आत ओढून घेई, रेणूंची वजनं करी आणि पडद्यावर सुळके उभे राहत. डावीकडे साखर, उजवीकडे तेल.

यंत्राला एकच खोड होती, चहाडीची. कुणी हातमोजे न घालता बी नुसतं चिमटीत धरलं, तरी माणसाच्या कातडीवरची चरबी मधोमध, ठरलेल्या जागी, सुळके काढी. प्रयोगशाळेत त्यांना नाव होतं 'बोट'. बोट दिसलं की तपासणी बाद, आणि चहाच्या वेळी चेष्टा ठरलेली.

त्या सकाळी तिच्यापुढे एका जुन्या तेलबियेची शेवटची बरणी होती. बीजभांडारात जागा पुरत नव्हती. जे वाण मेले असतील ते भट्टीत जाणार होते. ही बरणी तिच्या मामाने इथल्या नोकरीभर जपली होती. तो निवृत्त झाला, पण बरणीची चौकशी थांबली नाही. मामी म्हणायची, "माझा गुडघा त्या बरणीत ठेवायला हवा होता."

फोन आलाच. "काय म्हणतंय आमचं पोर?"

"मामा, बी आहे ते."

"कळलं गं. जिवंत आहे ना, तेवढं बघ. नाहीतर जाळतील."

तिने पहिलं बी कापून धरलं. तेल ताजं. साखर भरपूर. आणि मधोमध, ठसठशीत, बोट.

"अरे वा," मागून साहेब म्हणाले. "आज चक्क काटेकोरबाईंचं बोट!"

"मी मोजे घातलेत, साहेब."

"मग बियाने घातले नसतील. हे बघा, अहवालात बोट चालायचं नाही. बोट आहे तोवर बरणी भट्टीच्याच रांगेत."

तिने मोजे बदलले, पातं बदललं, चिमटा ज्योतीवर धरला. नुसता चिमटा यंत्राला दाखवला, पडदा सपाट. अख्खं बी दाखवलं, बोट नाही. तेच बी कापलं, बोट.

म्हणजे कुणी शिवलं असेल, तर आतून.

तिला भीती वाटली नाही. हिशेब चुकल्यावर वाटते तशी एक खाज सुटली, एवढंच. तिने आणखी आतली चकती काढली, बोट वाढलं. अगदी गाभ्यात, कोंबाचा ठिपका निजलेला असतो तिथे, साखरेचे आणि तेलाचे सुळके खाली बसले आणि बोट एकटं उभं राहिलं.

एरवी सुळका चढतो आणि माल उडून गेला की उतरतो. हा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. संथ, एका लयीत.

आपलाच श्वास झोतात जात असेल, असं वाटून तिने श्वास रोखला.

सुळका चढत-उतरत राहिला.

साहेबांना तिने एवढंच विचारलं, "मोड आणून दाखवले तर?"

"मग यंत्र हवंय कशाला? मोड दाखवा, मी बोट विसरतो."

तिने मूठभर बिया काचेच्या बशीत ओल्या टीपकागदावर मांडल्या, वर काचेचं झाकण ठेवलं आणि बशी उबेच्या कपाटात ठेवून मामाला कळवलं.

"येतील गं," मामा म्हणाला. "सुरुवातीला जरा बोट धरावं लागतं, बाकी काही नाही."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, बोटाचं तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

दोन दिवसांनी साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. एकूण एक बी उगवलं होतं. पांढरे, लुसलुशीत मोड, सगळे एकाच बाजूला वाकलेले. अंधाऱ्या कपाटात उजेडाकडे वाकायचा प्रश्न नव्हता. ते दाराकडे वाकले होते.

"जिवंत!" साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली. "मामांना पेढे मागा. उरलेली बरणी आजच पेरायला पाठवतो, मोकळ्या शेतात. वाढू देत सगळी."

ते गेले. खाली गाडीत बरणी चढवल्याचा आवाज आला.

तिने बशी उजेडात घेतली. झाकणावर वाफ धरली होती आणि वाफेत डाग होते. तिने फडक्याने पुसले. गेले नाहीत.

डाग आतल्या बाजूला होते.

तिने भिंग आणलं. मोहरीएवढे ठसे. प्रत्येकात बारीक, गोल फिरत गेलेल्या रेषा.

काटेकोरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कामावर असताना हातमोजा काढला, आणि झाकणावर, बाहेरून, मोकळ्या जागी हळूच आपलं बोट टेकवलं.

काच एव्हाना गार झाली होती. थोड्या वेळाने तेवढ्याच जागी, बोटाखाली, ती आतून कोमट झाली.