सोड म्हणेपर्यंत

उजवीकडचं पुढचं चाक तिसऱ्यांदा जाम झालं, तेव्हा चंद्रभानच्या रागाला पारावार राहिला नाही. देवळीच्या ओमप्रकाश मिस्त्रीने पंधरा दिवसांत दोनदा ते चाक खोललं होतं. पिस्टन अडकतो म्हणून त्याने चाक आवळणारा ब्रेकचा कॅलिपर उतरवला, पिस्टन घासून चकचकीत केला, नवीन रबर टाकलं. व्हॅन देवळीहून घरापर्यंत तक्रार न करता आली. रात्री शेडमध्ये उभी राहिली आणि सकाळी चाक जागचं हलेना.

फोन केला तर ओमप्रकाश म्हणाला, "काका, माह्या दुकानात तं बराबर चालते. तुमच्या शेडातच काई असन."

"शेडात काय असन बे? शेड काय ब्रेक दाबते?" चंद्रभानने फोन खाटेवर आपटला.

सतरा वर्षं त्याने याच व्हॅनमधून पालक, कोथिंबीर आणि वांगी वर्ध्याच्या बाजारात नेली होती. आता ती शालूच्या मोठ्या दिरांना द्यायची ठरली होती. ते पाच वाजता न्यायला येणार होते. शालू, त्याची समुद्रपूरला दिलेली लेक, त्यासाठीच सकाळच्या बसने निघाली होती. आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, "बाबा, ते गाडी डोळ्यापुढून हटवा." चंद्रभान शेवटी हो म्हणाला होता. पण लेकीच्या सासरी खोटा ब्रेक देणाऱ्यातला तो नव्हता. त्याने स्वतःच पाना उचलला.

शालू पोचायच्या आधीच त्याने बॅटरी उतरवून ओसरीवर पोत्याखाली ठेवली. काम सुरू करण्याआधी बॅटरी उतरवायची, ही जुनी सवय. मग जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर मोकळा केला. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. शेडमध्ये ब्रेक ऑइलचा कडवट वास भरला होता.

पिस्टनवर गंजाचा ठिपका नव्हता. शिकंजा लावून आवळला, तर पिस्टन लोण्यात बोट शिरावं तसा आत गेला. शिकंजा सोडला. तो पान्याला हात घालतो तोवर पिस्टन पुन्हा बाहेर आला. झटक्याने नाही, दमादमाने. चंद्रभानने पटकन मधे लाकडाचा तुकडा घातला, नाहीतर पूर्ण निघून ऑइल सांडलं असतं.

पाइप फुगला असेल, ऑइल अडकलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पण मग इतर तीन चाकं कशी मोकळी फिरतात? धरलं होतं ते हे एकच, ज्याच्यापाशी तो दसऱ्याच्या आधी बसला होता.

हे काम दोघांचं. एकाने चाकापाशी बसायचं, दुसऱ्याने सीटवर बसून पेडल दाबायचं. दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको, मनकर्णा. चपला काढून ती सीटवर चढायची. तो म्हणायचा दाब, ती म्हणायची दाबलं. धर. धरलं. मग तो बारीक नट सैल करून हवा काढायचा, पुन्हा आवळायचा, आणि मगच म्हणायचा, सोड. एकदा मेथीत बकरी शिरली म्हणून तिने मधेच पाय काढला. सगळी हवा परत आत. त्याने वर्षभर तिला त्यावरून बोलून घेतलं होतं. "मी सोड म्हनेपर्यंत सोडाचं नाई. घर जळलं तरी."

दसऱ्याला दोन दिवस होते. व्हॅन धुवायची, झेंडूचा हार घालायचा, म्हणून ब्रेकचं काम काढलं होतं. मधेच तिची उत्तरं थांबली.

"तोंडात गुळणी धरली का व?" तो खेकसला होता.

तरी तो दाब म्हणाला की ऑइल जोरात येत होतं, म्हणजे पाय पेडलवर होता. असं त्याने आणखी चारदा केलं. शेवटचं धर म्हणून नट आवळला, हात पुसले आणि उठला. मनकर्णाची मान खिडकीच्या काचेला टेकली होती.

पाच मिनिटांवरच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल.

"अर्धा तास? मंग ब्रेक कोन दाबून राह्यलं होतं?"

डॉक्टरने त्याची पाठ थोपटली होती. त्या थोपटण्याचा राग चंद्रभानच्या मनातून अजून गेला नव्हता.

शालू बसने आली ती थेट शेडमध्ये. "काऊन ऊन खाऊन राह्यले, बाबा? मिस्त्री मेले का समदे?"

"मेलेच समज. बस सीटवर. दाब म्हनलं का दाबजो."

ती चपलेसकट चढली.

"दाब."

"दबत नाई."

"जोर लाव ना! जेवत नाई का सासरी?"

"अवो बाबा, आधीच खाली हाये थे. टेकलंय पार."

चंद्रभानने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "पाय काढ."

"काढले. दोनी पाय वर घेतले. पेडल खालीच हाये अजून." शालू उतरली. "मोडलं असन काईतरी. चहा ठेवते मी. त्यायले फोन करून सांगू का, उद्या या म्हनून?"

ती घरात गेली.

त्याने शिकंजा पुन्हा आवळला. पिस्टन आत गेला. सोडला. पिस्टन बाहेर आला आणि लाकडावर दाबून थांबला.

त्याला खूप राग आला. मिस्त्रीचा नाही. डॉक्टरचा नाही.

"तीस वर्षं एक गोष्ट आयकली नाई माही," तो रिकाम्या सीटकडे न बघता म्हणाला. "गोळी घे म्हनलं, नाई घेतली. छातीत दुखते त सांग म्हनलं, नाई सांगितलं. आन् आयकलं त हे?"

लाकडाचा तुकडा बारीक करकरला.

त्या दिवशी त्याने नट आवळला होता, हात पुसले होते. सोड म्हणाला नव्हता.

एका शब्दाचं काम होतं. चाक फिरलं असतं. पाच वाजता व्हॅन गेली असती, डोळ्यापुढून हटली असती.

त्याने तोंड उघडलं.

मग त्याने तळहात लाकडावर टेकवला.

"धर," तो म्हणाला.

लाकूड मधोमध चिरलं.

चंद्रभानने हात पुसले आणि ओसरीवर आला. शालू फोन कानाला लावून उभी होती.

"नोको येऊ म्हन त्यायले," तो म्हणाला. "उद्याही नोको. गाडी देनार नाई मी."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"बरं, मंग तिचा मांगचा लाल लाइट त बंद करा," ती म्हणाली. "मी आली तवापासून जळून राह्यला. बॅटरी उतरन."

ती बोलता बोलता ओसरीवर टेकली, बॅटरी झाकलेल्या पोत्याला पाठ लावून.