डॉक्टरांचा डावा डोळा

मी स्टुडिओचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात कुणीतरी वाकून आत शिरलं आणि धाडकन डोकं आपटून घेतलं. हे होते गुरांचे डॉक्टर. त्यांच्यामागून, व्यवस्थित वाकून, त्यांची आत्या आली.

बोलायचं ते सगळं आत्यांनीच बोलून टाकलं. भाचा गुणी आहे, निर्व्यसनी आहे, पण फोटोत असा बसतो की जणू मागून कुणी इंजेक्शन देतंय. दोन स्थळांनी नुसता फोटो बघून नकार कळवला. आता तिसरं आलंय. मोबाइलवर पाठवायचा फोटो जरा जिवंत दिसायला हवा. हसवता येत नसेल तर निदान पापण्या तरी हलव, म्हणाल्या.

"दुखेल का?" डॉक्टरांनी विचारलं, अगदी गंभीरपणे. मी वर बघितलं... आणि तिथेच माती खाल्ली.

काम तसं सोपं. एका फोटोच्या दोन प्रती करायच्या. एकीत डोळे उघडेच ठेवायचे, दुसरीत गालाचा रंग उचलून डोळ्यांवर मिटलेल्या पापण्या रंगवायच्या. दोन्ही आलटूनपालटून दाखवल्या की फोटोतल्या माणसाची पापणी लवते. अर्ध्या तासाचं काम, मला तीन दिवस लागले. पापण्या नीट जमाव्यात म्हणून मी डॉक्टरांना रोज समोर बसवून डोळे मिटायला लावायची. ते डोळे मिटून एका हट्टी गाढवाच्या दाढदुखीबद्दल बोलत राहायचे, आणि मी बघत राहायची. गरजेपेक्षा जरा जास्तच बघायची, खोटं कशाला बोलू?

"एवढं जवळून काय बघता?" एकदा त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"रंग."

"मीही गुरांना असंच जवळून तपासतो. पण... श्वास असा अडखळला तर मी औषध देतो."

माझे कान तापले. नशीब, त्यांचे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. मुलीकडचे वाट बघतायत, पाचच्या आत फोटो भाच्याला पाठव, तो पुढे पाठवेल. मी पाठवायला घेतला आणि बघते तर काय, उजवी पापणी रंगवायचीच राहून गेली होती! नुसता डावा डोळा मिटत होता. तोही सारखा. सुतकी चेहऱ्याचे डॉक्टर न थांबता डोळा मारत होते.

दुरुस्तीला दोन मिनिटं पुरली असती. पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती. मी घड्याळाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि फोटो तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या त्या तोफ घेऊनच. फोटो आधी मुलीच्या आजींनी उघडला होता. स्थळ तर गेलंच, वर आजी घरभर सांगत सुटल्या की मुलगा मलाच डोळा मारतोय. आत्या बोलून दमल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बोलल्या. मी मान खाली घालून ऐकलं. दुकानाचं नाव गेलं, त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. आता डॉक्टर कधी यायचे नाहीत, या विचाराने मात्र रडू येत होतं.

ते संध्याकाळी आले. नेहमीच्या स्टुलावर बसले.

"एकच विचारतो. चूक झाली, एवढंच ना?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण जीभ वळेना.

"पापणी चुकून राहिली," मी म्हणाले. "पण पाठवायच्या आधी... मला दिसलं होतं."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"तुमचं लग्न जमलं असतं." मी सांगून टाकलं. "आणि मला ते नको होतं. मला तुम्ही आवडता."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर तोच फोटो चालू होता.

"मुलीकडच्यांना पाठवायच्या आधी," ते म्हणाले, "मी हा वीस वेळा बघितला होता."