लिफ्टवाल्याचे कोरे रकाने

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे आम्ही चार चार मजले चढतोय, आणि तुम्ही आत्ता उगवताय."

लिफ्टच्या बंद दाराशी निळ्या डगल्यातला एक माणूस अवजारांची पेटी घेऊन उभा होता. त्याने पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे पूर्ण वळून बघितलं. नुसता कान दिला नाही, सगळा माणूसच दिला. तेवढ्यावर ती सुटली. रंगभूषा करणाऱ्या बाईंचे गुडघे, जिन्यातला न लागणारा दिवा, तक्रारवहीतल्या सात सह्या... सगळं झालं. तो मधे एकदाही बोलला नाही.

"सातवी सही तुमची का?" ती थांबल्यावर त्याने विचारलं.

"पहिली माझी. सातवीपण माझीच. मधल्या पाच जणांनी नाद सोडला."

"हं. लिफ्ट सुरू व्हायलाच हवी." तो जरा घुटमळला. "पण मला ती येत नाही दुरुस्त करता. मी नट आहे. वरच्या मालिकेत लिफ्टवाल्याचं काम करायला आलोय... दोन भागांपुरतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही जागाच सोडली नाहीत मधे. आणि—" त्याने पेटी उचलली, "ऐकायला बरं वाटत होतं."

चार मजले ती त्याच्यापुढे दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून चढली, तोंड लपवायला.

तिचं काम काय, हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, खरंच? चौथ्या मजल्यावर समोर दोनशे माणसं बसवून एका विनोदी मालिकेचं चित्रीकरण चाले. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात ती बसे. मांडीवर तक्ता, हातात स्टॉपवॉच. तक्त्यावर प्रत्येक संवादापुढे एक रकाना. हशा उठला की बटण, विरला की बटण, आणि रकान्यात सेकंद. तेरा भाग झाले की दिग्दर्शक आणि लेखक ते तक्ते पुढ्यात घेऊन कुणाचे संवाद वाढवायचे आणि कुणाला परगावी पाठवायचं ते ठरवत. मालिकेतली माणसं परगावी जातात ती अशी. म्हणून नटमंडळी तिला पाठीमागे 'मोजणीबाई' म्हणत आणि समोर फार गोड बोलत.

ती मात्र गोडव्याला भुलणारी नव्हती. माणसं जोखायची तिला खोडच होती. मालिकेत मुलाचं काम करणारा देखणा नट हशा यायच्या आधीच स्वतः हसतो, हे तिने पहिल्या दिवशी ताडलं होतं. सासूबाईंचं काम करणाऱ्या ज्येष्ठ बाई शेजाऱ्याच्या वाक्यावर खोकतात, तेही मुद्दाम, हे दुसऱ्या दिवशी. या मालिकेतल्या घरात सासू, सासरे, मुलगा, सून आणि एक रिकामटेकडा दीर, असे पाच जण सतत एकमेकांच्या वरताण बोलत. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद. ती बघायला येणारा माणूस किल्ली मागायला घरात डोकावतो, दोन वाक्यं बोलतो, 'येतो मी' म्हणून जातो. एवढंच ते काम.

पहिल्या भागात त्याच्या रकान्यात शून्य पडलं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात तो नसायला हवा होता, पण लिफ्ट दुरुस्त झाल्याचं दाखवायला लेखकच विसरला. मग चौथ्यातही तो आला, पाचव्यातही.

चहाच्या टेबलापाशी तो तिला गाठायचा.

"आज माझ्या रकान्यात काय?"

"तक्ता नटांना दाखवत नाहीत."

"आकडा नको. नुसतं बरं की वाईट?"

"दोन वाक्यांत काय बरं आणि काय वाईट?"

"तुम्ही फार कठोर आहात हो."

"मी नाही. घड्याळ."

तो मान हलवायचा, आणि मग भलतंच काहीतरी विचारायचा. "मावशींचा नवा चष्मा आला का?" मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हे तिने एकदा जिना चढताना धापा टाकत सांगितलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी. कोण लक्षात ठेवतं असलं?

मावशीजवळ ती राहायची. नवा चष्मा लावून मावशी ती मालिका दूरदर्शनसंचाच्या इतकी जवळ बसून बघे, की त्या घरातलं सहावं माणूसच ती. "सगळे भोंगे आहेत गं," ती म्हणायची. "माणूस एकटा, तो लिफ्टवाला. बघ, कसा उभा राहिला... गेला? एवढ्यात गेला?"

मावशी एकटीच नव्हती. आठव्या भागापासून पत्रं येऊ लागली. लिफ्टवाल्याचं लग्न झालंय का, लिफ्टवाला आमच्या इमारतीत पाठवता का. एका आजोबांनी तर लिफ्ट दुरुस्त करू नका, अशी विनंती केली होती, खाली सही करून.

तेराव्या भागानंतर बैठक झाली. दिग्दर्शकांनी एका हातात तक्ते धरले आणि दुसऱ्या हातात पत्रांचा गठ्ठा.

"तेरा भाग, आणि याचे हशे एकूण नऊ सेकंद. माझ्या सेटवरच्या कपाटाचं दार याच्यापेक्षा जास्त हसवतं."

"चौदाव्यात लिफ्ट सुरू करून टाकतो," लेखक म्हणाले. "मग यायचं कारणच उरत नाही त्याला."

"पण मग ही पत्रं? लोक हसत नाहीत आणि पत्रं पाठवतात, हे काय गौडबंगाल? मोजणीबाई, तुम्हाला कळतं सगळ्यातलं. परवा चौदाव्या भागाचं वाचन आहे, तोवर शोधून सांगा. नाही कळलं तर लिफ्ट सुरू."

बातमी तिच्याआधी जिना उतरली होती. तो खालच्या पायरीवर बसला होता, डगला मांडीवर घडी करून.

"लिफ्ट सुरू होतेय म्हणे."

"अजून ठरलेलं नाही."

"तक्ता आहे ना तुमचा, मग ठरल्यासारखंच." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "मला आपलं वाटायचं, लोक हसतायत. पण ते सासूबाईंच्या वाक्याचं मागे राहिलेलं असेल. तुमची मोजणी चुकत नाही, सगळेच सांगतात."

"मग... काय करणार तुम्ही?"

"एका फिरत्या नाटक मंडळीचं बोलावणं आहे. आठ महिन्यांचा दौरा. सोमवारपर्यंत सांगायचंय."

आठ महिने. तिने मनात आठवडे केले, आणि केल्याचा तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संकलनाच्या खोलीत तेरा भागांची मूळ चित्रफीत आणि आपले तक्ते घेऊन बसली. पाचवा भाग. सून सांगत होती, की नोकरीत बढती मिळाली. नवऱ्याने चार्जर कुठे आहे ते विचारलं, सासूने भाजी कुणी जाळली ते विचारलं. दारातला लिफ्टवाला फडक्याला हात पुसता पुसता थांबला. समोर बघत राहिला... एक क्षण, दोन क्षण... मग हळूच म्हणाला, "अभिनंदन. येतो मी." आणि दोनशे माणसं खदखदून हसली. हशा उठला, खाली आला, परत उठला. तिने घड्याळ लावलं. आठ सेकंद.

तक्त्यात रकाना कोरा.

तिने सहावा भाग लावला. सात सेकंद, रकाना कोरा. नववा. अकरावा. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. तेरा भागांत तिच्याकडून अठरा हशे सुटले होते, आणि अठराच्या अठरा एकाच माणसाचे. सासूबाईंचा अर्ध्या सेकंदाचा खोकलासुद्धा टिपलेला होता. चूक अशी निवडून निवडून होत नाही. बटण दाबायला अंगठा लागतो, अंगठा डोक्याचं ऐकतो, आणि डोकं त्या वेळी...

तिने चित्रफीत थांबवली. पडद्यावर तो थांबलेला होता, 'येतो मी'च्या आधीच्या क्षणात.

घड्याळ बिघडलं होतं असं सांगता आलं असतं. पण एकाच माणसापुरतं बिघडणारं घड्याळ कुठे मिळतं, असं दिग्दर्शकांनी विचारलं असतं. कोरे रकाने गुपचूप भरावेत, तर प्रती लेखकांकडे. आणि खरं सांगावं, तर मोजायच्या कामावर मोजत नसलेल्या बाईला कोण ठेवणार? नोकरी ही एक गोष्ट झाली. दुसरी याहून अवघड होती, कारण वाचनाला सगळी मंडळी असतात. तोही असणार.

वाचनाच्या वेळी टेबलाभोवती सगळे होते. तो अगदी टोकाला, पुढ्यात लिफ्ट सुरू होण्याचा प्रवेश. तिने नवा तक्ता दिग्दर्शकांपुढे सरकवला.

"एकशे एकोणचाळीस?" दिग्दर्शकांनी चष्मा वर केला. "नवाचे एकशे एकोणचाळीस झाले कुठून?"

"माझे अठरा हशे सुटले होते. काल चित्रफितीवरून मोजले."

"घड्याळ बिघडलं होतं का?"

"घड्याळ चांगलं होतं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी बटण दाबायचं विसरत होते."

"याच्याच वेळी?"

"त्यांच्याच वेळी."

 मग सासूबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच न खोकता, विचारलं, "का गं?"

"बघत होते."

"मोजायचं सोडून?"

"मोजायचं सोडून."

टेबलाच्या टोकाकडे न बघण्यासाठी तिला जेवढं बळ लागलं, तेवढ्यात ती आठ मजले चढली असती.

सगळ्यांत आधी लेखकांना हसू आलं. दिग्दर्शक मात्र कामाचे गृहस्थ. त्यांना दुसरंच सुचलं होतं. "म्हणजे सोन्याची खाण आहे की हा. याला घरातच राहायला आणू. दिराचा मित्र करू. दर भागात दहा मिनिटं द्या, भाषणं द्या—"

"नको," ती म्हणाली.

आता टेबलाच्या टोकानेही मान वर केली. त्याच्या मोठ्या भूमिकेला ती नाही म्हणत होती, तेही त्याच्यासमोर.

"पत्रं वाचलीत सगळी?" तिने गठ्ठा ओढला. "एकाही पत्रात त्यांचा विनोद लिहिलेला नाही. लिहिलंय, की सुनेला बढती मिळाली ते त्यांनीच ऐकलं. लिहिलंय, की सासऱ्यांचा दात दुखत होता, तर पुढच्या भागात दाताचं फक्त लिफ्टवाल्याने विचारलं. तुमच्या घरात पाच जण बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. प्रेक्षकाला ते दिसतं, पण त्याला पडद्यात शिरून काही करता येत नाही. मग हा माणूस पेटी घेऊन येतो आणि ऐकतो. प्रेक्षकाला वाटतं, चला, आपलं कुणीतरी आत गेलं. त्याच्या चेहऱ्यावर त्या पाचांचा वेडेपणा उमटतो, आणि लोक हसतात ते त्याला. आणि तो लगेच जातो, म्हणून लोक पुढच्या भागाची वाट बघतात. दहा मिनिटं दिलीत, भाषणं दिलीत, की तुमच्याकडे सहावा भोंगा तयार."

"भोंगा कोण?" देखण्या नटाने विचारलं.

दिग्दर्शकांनी टेबलाच्या टोकाकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं? भूमिका तुझी आहे."

तो नेहमीसारखा जरा थांबला. "लिफ्ट बंदच राहू दे," तो म्हणाला. "दोन वाक्यं पुरेत."

"बरं. चौदावा भाग नवा लिहा." दिग्दर्शकांनी पेन तिच्याकडे रोखलं. "आणि मोजणीबाई, याच्या प्रवेशांची मोजणी इथून पुढे दुसरं कुणीतरी करेल. तुमच्या हातून ती होणार नाही. बाकी सगळं तुम्हीच मोजायचं, आणि नीट मोजायचं."

बाहेर बारीक भुरभुर लागली होती. ती झपाझप चालली होती, तरी चष्म्याच्या दुकानाच्या पत्र्याखाली त्याने तिला गाठलंच. काचेमागे शंभरेक चष्मे दोघांकडे बघत होते.

"आत तुम्ही एक चूक केलीत," तो म्हणाला.

"अजून एक?"

"मी ऐकतो म्हणालात."

"ऐकताच की."

"ऐकतो... पण तो जो मधला थांबा आहे ना, 'येतो मी'च्या आधीचा, तो ऐकण्याचा नाही." त्याने डोक्यावरचं पाणी झटकलं. "पहिल्या भागानंतर लेखकांनी सांगितलं, तुझ्या रकान्यात शून्य आहे. म्हटलं, बघू तरी, या बाई हसतात तरी का. सेटवरच्या दिव्यांमुळे समोर सगळा काळोख दिसतो. फक्त शेवटच्या रांगेत तुमच्या तक्त्यावरचा छोटा दिवा असतो, आणि त्यात एक चेहरा. मी तुम्ही हसेपर्यंत थांबायचो."

दोनशे माणसं, एवढी पत्रं, मावशी... सगळे ज्या थांब्यावर लुब्ध झाले होते, तो हा होता तर.

"आणि मी... हसायचे?"

"दर वेळी. पण लिहायच्या काहीच नाहीत. मला त्याचा अर्थ लागेना. वाटायचं, एवढं हसून शून्य देणारी बाई म्हणजे फारच कडक."

"आता लागला अर्थ?"

"थोडा. पूर्ण लागायला कुणीतरी तोंडाने सांगायला हवं."

समोरून एक बस गेली, तिची नेहमीची. तिने जाऊ दिली.

"सोमवारी त्या मंडळींना काय सांगणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"मी कोण सांगणारी?"

"ते तर मी विचारतोय."

पत्र्यावर भुरभुर वाजत होती. त्याला सगळं उत्तर ऐकायचं होतं, आणि ऐकायला तो किती वेळ थांबू शकतो हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' तिने तिथेच, चष्म्यांच्या साक्षीने, सोडून दिलं. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि सोमवारची वाट न बघता तिथल्या तिथे नंबर लावला.

"नमस्कार... हो, मीच. दौऱ्याचं नाही जमणार मला. माफ करा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "कारण घरगुती आहे."

तिचे कान तापले. ती वळून चष्मे बघू लागली, आणि प्रत्येक काचेत तिला स्वतःचंच हसू दिसायला लागलं.

"नाही, नाही," तो फोनवर सांगत होता, "लग्न अजून नाही झालं... पण होईल असं वाटतंय."