सदतीस अंश

विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

हे माझ्या नणंदेबरोबर, गुनवोरबरोबर घडलं. गेल्या सतरा ऑगस्टला, ग्रीनलंडच्या उत्तरेला, बर्फात उभ्या असलेल्या जहाजावर. रात्र म्हणावी, तर तिकडे तेव्हा सूर्य मावळतच नाही.

तीन वर्षांपूर्वी तिथेच तिचा भाऊ एयविंद, म्हणजे माझा नवरा, बर्फ फुटून पाण्यात गेला.

सापडला नाही.

गुनवोरचं काम समुद्रतळावरच्या ज्वालामुखींचं. चार किलोमीटर खाली तांब्या-गंधकाची धुराडी उभी असतात. तीनशे अंशांचं काळं पाणी ओकतात. भोवतीचं पाणी मात्र शून्याखाली.

त्या दिवशी तिने केबलला बांधून तापमापक सोडला.

तो तळाला टेकला...

सदतीस. माणसाच्या अंगाला असतं तेवढं.

"बिघडलाय," केबल सोडणाऱ्या विंचवरचा म्हातारा अर्नफिन म्हणाला. "तुझ्यासारखाच. दोन दिवस पोटात कण नाही तुझ्या."

"कॅमेरा सोडा, काका."

कॅमेऱ्यात धुराडं नव्हतंच. नुसता गाळ. तापमापक उघड्यावर पडलेला. कॅमेऱ्याजवळचं पाणी उणे एक.

सदतीस हलेना.

जहाजाला घासणाऱ्या बर्फाची करकर सारखी चालू असते. ती थांबली...

"दहा मीटर वर घ्या," गुनवोर म्हणाली.

छत्तीस... चौतीस... एकतीस.

"थांबा!"

आकडाही थांबला.

"खाली सोडा."

तेहतीस... पस्तीस... सदतीस.

तीनदा केलं त्यांनी. तिन्ही वेळा तसंच.

अर्नफिनने टोपी काढली. "पोरी, वर घेतलं की गार पडतंय ते."

"दिसतंय मला."

तेवढ्यात कप्तानाचा निरोप आला. बर्फ मिटत चाललाय, सामान वर घ्या, निघायचंय.

गुनवोरला रडू आलं नाही. हात स्वतःचे वाटत नव्हते, एवढंच.

"केबल तोडा," ती म्हणाली.

नॉर्वेत, ट्रोमसोला परतल्यावर तिने हे माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. मी पावावर चीज लावत होते.

"तळाला टेकवून तोडलीस ना?" मी विचारलं.

"हो वहिनी. सदतीस होतं."

मी पुढच्या पावाला चीज लावलं.

यंदा ते जहाज पुन्हा तिकडे निघालंय. गुनवोरने जायला नकार दिला.

मी स्वयंपाकीण म्हणून नाव दिलंय. तिथे जाऊन काय करणार, मला ठाऊक नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही...