लांब्याचा शेवटचा सूर

माझ्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही.

ही फुशारकी नाही, हा माझा धंदा आहे. माझा कपाटांचा कारखाना आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला मी स्वतःच्या हातांनी ती खोली बांधली. बँडवाले तालमीला येतात. भिंतींना चार बोटं जाडीचा गादीचा फोम, दाराला चारी बाजूंनी रबर. आत बॉम्ब फुटला तरी बाहेर चहा पिणाऱ्याचा कप हलणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

आता सांगत नाही.

पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. मी तिथे होतो, माझी सख्खी बहीण तिथे होती. विश्वास बसत नसेल तर डॉक्टरांना विचारा. ते दाताचे डॉक्टर आहेत, पण खोटं बोलत नाहीत.

रात्र वगैरे नव्हती. रविवार होता, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

तीन दिवसांपूर्वी लांब्या गेला होता.

लांब्या म्हणजे आमचा गिटारवाला. साडेसहा फूट उंच. खरं नाव पोस्टरवर असायचं, आमच्या तोंडी लांब्याच. त्याच्यामुळे अर्ध्या शहराने गिटार हातात घेतली आणि उरलेल्या अर्ध्याने शेजाऱ्यांशी भांडणं केली.

त्याची एक पद्धत होती. कार्यक्रमाच्या शेवटी तो चालू गिटार ॲम्पच्या स्पीकरला टेकवून ठेवायचा आणि निघून जायचा. गिटार आपोआप घुमत राहायची. एकच सूर... लांबच लांब. तो सूर विरेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा आम्हा चाहत्यांचा नियम. मध्येच उठणाऱ्याकडे लोक असे बघायचे, जणू त्याने मयताच्या घरून चप्पल चोरली.

त्याला निरोपही तसाच द्यायचा, असं ताईने ठरवलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गणित शिकवते. लांब्याचं वेड वीस वर्षांपासूनचं, दमा त्याहून जुना.

आम्ही चौघं. मी, ताई, दाताचे डॉक्टर आणि टपालकाका. डॉक्टरांकडे लांब्यासारखीच लाल गिटार होती. टपालकाका टपालखात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर पहिल्या रांगेत बसल्यामुळे एकाच कानाने ऐकतात.

भाऊजींनी ताईला गाडीने सोडलं, पण ते आत आले नाहीत.

"मेलेल्या माणसासाठी जिवंतांचे कान कशाला फोडता?" ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे गाडीत शब्दकोडं घेऊन बसले.

माझ्या खोलीचे दोन नियम आहेत. फोन आत न्यायचा नाही, ॲम्पमध्ये खरखर येते. किल्ल्या, पर्स, पिशव्या बाहेर, खुळखुळतात. सगळ्यांनी सगळं बाहेरच्या टेबलावर ठेवलं. ताईची पर्सही. पर्समध्ये तिचा दम्याचा पंप.

एसीही बंद केला. तो घुरघुरतो.

डॉक्टरांनी गिटार ॲम्पला टेकवली. ती घसरायला लागली, म्हणून टपालकाकांनी जमिनीवरची लाकडी पाचर उचलून ॲम्पखाली सारली. छान कोन बसला. सूर सुरू झाला...

आणि माझ्या पाठीमागे दार लागलं.

ती पाचर दाराची होती.

आता दाराबद्दल सांगायला हवं. ते सोडलं की आपोआप लागतं. आणि आत उघडतं, म्हणजे आतून ओढावं लागतं. पण आतलं हँडल खालच्या सुरांना थरथरायचं, म्हणून मी ते काढून टाकलं होतं. बँडला बाहेर यायचं असलं की ते आतलं बटण दाबतात, बाहेर लाल दिवा लागतो, आणि बाहेर बसलेला माणूस दार उघडतो.

बाहेर बसलेला माणूस म्हणजे मी.

मी आत होतो.

लगेच काही बोललो नाही. लाज वाटली. शिवाय नियम होता, सूर संपेपर्यंत हलायचं नाही. ताई डोळे मिटून बसली होती. गालांवर पाणी.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

सूर तसाच... जराही कमी नाही.

मग ताईने डोळे उघडले. "एसी लाव रे. कोंडल्यासारखं होतंय."

"एसीचं बटण बाहेर आहे, ताई."

"मग दार उघड."

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिची कंपासपेटी विहिरीत टाकली होती, तेव्हा अशीच बघत होती.

"पंप बाहेर आहे," ती म्हणाली. एवढंच.

आवाज जात नाही म्हणजे हवाही जात नाही. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही.

टपालकाकांनी पट्टा काढला. हँडलच्या भोकात बक्कल अडकवून ओढू म्हणाले. दोघांनी जोर लावला. बक्कल तुटलं, काका मागे पडले आणि त्यांची पँट घसरली. पुढे जे जे झालं त्यात काका एका हाताने पँट धरून आहेत, हे लक्षात ठेवा.

"आधी तो ॲम्प बंद करा," डॉक्टर म्हणाले. "ओरडलो तर ऐकू तरी येईल."

मी प्लग काढला.

"जुना ॲम्प आहे. दोन-तीन सेकंद रेंगाळतो," डॉक्टर म्हणाले.

आम्ही तीन सेकंद थांबलो.

मग दहा...

ॲम्पचा दिवा विझला होता. सूर चालूच होता.

डॉक्टरांनी गिटारच्या सगळ्या तारा तळव्याने दाबून धरल्या. तारा गप्प. सूर चालूच.

त्यांनी गिटार उचलून खाली आडवी ठेवली आणि हात पँटला पुसले. जसं काही लागलं होतं.

ताईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मला तो आवाज लहानपणापासून माहीत आहे. पण या वेळी तो हळूहळू कमी होत गेला. मला वाटलं, बरं वाटतंय.

मग तिच्याकडे बघितलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

ऐकू काहीच येत नव्हतं.

"ताई," मी म्हणालो. म्हणालो असेन... माझाच आवाज मला आला नाही.

काका दारावर मुठी मारत होते. आवाज नाही. डॉक्टर तोंड उघडून ओरडत होते, मला त्यांच्या दाढा दिसत होत्या. आवाज नाही. खोलीत दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. फक्त तो सूर.

तेव्हा मला फोम दिसला.

गादीचा फोम आहे. पाठ टेकली की दबतो, उठलं की लगेच वर येतो. दाराशेजारी तो दबला होता. आम्ही चौघं तिथून लांब होतो. टाचांचा खड्डा, पाठीचा खड्डा... वर डोक्याचा.

मी कपाटं बनवतो. माप नजरेने घेतो.

साडेसहा फूट.

कोणीतरी भिंतीला टेकून उभं होतं. निवांत. कोण आधी उठतंय ते बघत.

ताई उठली. भिंत धरत धरत गेली आणि त्या खड्ड्यासमोर उभी राहिली. ओठ निळे पडले होते. ती मान वर करून काहीतरी बोलली. वर्गात बोलते तसं, बोट दाखवून. बोट माझ्याकडे होतं.

फोम हळूच वर आला.

सूर थांबला.

त्या शांततेत बाहेरचं हँडल खट्ट वाजलं, आणि दारात भाऊजी. हातात शब्दकोडं.

"किती वेळ तो भोंगा?" ते म्हणाले. "गाडीच्या काचा हलतायत. आणि काका, तुमच्या पँटला काय झालं?"

मी पर्स आणायला धावलो. ताईने पंप ओढला, चार वेळा. मग खुर्चीत बसून रडली, लांब्यासाठी की स्वतःसाठी माहीत नाही. भाऊजी तिची पाठ चोळत राहिले. त्या दिवसापासून ते लांब्याला नावं ठेवत नाहीत.

भाऊजी गाडीत होते. काचा वर. मध्ये रस्ता, कारखाना, दोन भिंती, माझा फोम. त्यांना तो सूर कसा ऐकू आला, हे मला आजही कळत नाही. आणि आमच्या मुठी, आमच्या आरोळ्या? त्या त्यांना अजिबात ऐकू आल्या नाहीत.

ताई त्याला काय म्हणाली, हे ती महिनाभर सांगत नव्हती. परवा जेवताना सांगितलं.

"मी म्हटलं, मला आता दम नाही. उरलेलं माझा धाकटा भाऊ ऐकेल. त्याची तब्येत चांगली आहे."

"मला न विचारता?"

"विचारायला वेळ होता का? भाजी घे."

मी खोली भाड्याने द्यायचं बंद केलं. तिचं गोडाऊन करायचं ठरवलं. आधी आतलं हँडल पुन्हा बसवायचं, म्हणून आज दुपारी आलो. या वेळी फोन खिशात ठेवला. दाराला नवी पाचर लावली, चांगली सागवानी. हँडल बसवलं. चार स्क्रू घट्ट पिळले. पक्कं बसलंय का बघायला जोरात ओढलं.

हँडल हातात आलं. मी मागे पडलो, पाय पाचरीला लागला, दार लागलं.

काही घाबरण्यासारखं नाही. भाऊजींना फोन केला, ते निघालेत. वीस मिनिटं लागतील. तोवर हे लिहून काढलं.

इथे एकदम शांत आहे. फोनवर भाऊजी मात्र सारखे म्हणत होते, आधी ती गिटार बंद कर, तुझं नीट ऐकू येत नाही.

गिटार डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेली आहे. तारा काढून.