अर्जदार क्रमांक एक

कौटुंबिक न्यायालयाच्या चौथ्या मजल्यावर पूर्वी जुन्या फायली ठेवत. आता तिथे प्रतीक्षायंत्र होतं. दिसायला ते घरातल्या फ्रिजएवढंच, पण सहा महिने चाळीस मिनिटांत संपवायचं. शलाका तोरणे समोरच्या बाकावर अर्जाच्या प्रतीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती.

तिचा हा तिसरा अर्ज. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि पुन्हा येऊन दोघांनी 'हो' म्हणायचं. मधल्या काळात कुणीही एकाने संमती मागे घेतली की सगळं पहिल्यापासून. तिच्या नवऱ्याने, हेमंतने, दोनदा तेच केलं होतं. एकदा पाचव्या महिन्यात, एकदा अगदी आदल्या दिवशी. कारण दोन्ही वेळा एकच: विचार बदलला. तिचे वकील बोधनकर तिला एकतर्फी अर्ज कर म्हणून कधीचे सांगत होते. त्याला नवऱ्याची संमती लागत नाही. पण त्यासाठी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगावं लागतं, आणि ते तिच्याने होत नव्हतं.

न्यायाधीश काळसेकर इथे नव्याने आल्या होत्या. न कळलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, असा त्यांचा खाक्या होता.

"डॉक्टर, साध्या भाषेत सांगा. आत नक्की थांबतं कोण?"

हे यंत्र डॉ. कुंदा फडतरे यांनी बांधलेलं. "यांची प्रतिमनं, मॅडम. सकाळी दोघांच्या मेंदूंचा आराखडा उतरवून घेतला. आठवणी, सवयी, राग-लोभ, सगळं. ती दोघं आत सहा महिने जगतात. बोलतात, भांडतात, समुपदेशन घेतात. शेवटी तुम्ही यांना जे विचारलं असतं, तेच त्यांना विचारायचं. त्यांचं उत्तर कायद्याने यांचं उत्तर."

"आपण प्रतिमन आहोत, हे त्यांना माहीत असतं?"

"सांगावंच लागतं. फसवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे."

"आणि निकालानंतर?"

"अर्जात निवडलं असेल ते. जतन किंवा विलोपन. यांनी विलोपन निवडलंय."

ती खूण शलाकानेच केली होती. आपलं काहीही, अगदी आपली नक्कलसुद्धा, हेमंतबरोबर कुठे उरायला नको होती. बोधनकर "नीट वाचा" म्हणाले तेव्हा ती त्यांच्यावर वैतागली होती.

यंत्र सुरू झालं. पटलावर महिने पुढे सरकू लागले. हेमंत मोबाइल बघत होता. तिसऱ्या महिन्याला शलाका उठून पाणी प्यायली. पाचव्याला तिने अर्जाचा कोपरा पुन्हा दुमडला. हेमंतचं प्रतिमन आता पलटणार, याची तिला खात्रीच होती. पण पाचवा महिना गेला आणि सहावाही संपला.

"अर्जदार क्रमांक एक, शलाका तोरणे," न्यायाधीशांनी पडद्याकडे पाहत विचारलं. "तुमची संमती कायम आहे?"

पडद्यावर तिचाच चेहरा होता. खूप शांत. ती शांतता शलाकाच्या ओळखीची होती. सासरी दारावर पाहुणा आला की ती अशीच दिसायची.

"नाही. मी संमती मागे घेते."

हेमंतने मोबाइल खाली ठेवला. "मी काही केलेलं नाही हं," तो म्हणाला.

"कारण सांगाल?"

"निकाल लागला की मला पुसतील, मॅडम. माझ्याच सहीने तसं लिहून दिलंय. नकार दिला तर प्रकरण चालू राहतं, आणि ते निकाली निघेपर्यंत यंत्र बंद करता येत नाही. यातून बाहेर पडले तर मी कुठेच नसेन. याच्याबरोबर निदान आहे तरी."

शलाकाला आधी लाज वाटली, मग संताप आला. हेच वाक्य तिने नऊ वर्षं बहिणीला फोनवर ऐकवलं होतं. शब्दसुद्धा तेच.

काळसेकर बराच वेळ काही लिहीत होत्या. "अशा माणसाचा होकार मला मोकळा म्हणता येत नाही, आणि नकारही नाही. यंत्राचं उत्तर बाजूला ठेवून त्याच्यापुरतं प्रकरण मी निकाली काढते. प्रतिमनं अर्जाप्रमाणे पुसा. हे दोघं सहा महिने स्वतः थांबतील. कुणाची हरकत?"

"माझी काहीच नाही," हेमंत लगेच म्हणाला. या 'काहीच नाही'चा अर्थ शलाकाला पाठ होता.

"माझी आहे," ती म्हणाली. "तिला पुसू नका. बोधनकर सर, तिचा वेगळा अर्ज करता येईल?"

"कुणाचा?"

"तिचा. तिची संमती कोर्टाला चालते, मग अर्ज का चालू नये? एकतर्फी करा. प्रकरण चालू आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही."

बोधनकरांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"तिला याच्यापासून वेगळं ठेवता येईल?" शलाकाने फडतरेंना विचारलं.

"दुसऱ्या यंत्रात हलवता येईल. आजच."

बोधनकरांनी कोरा कागद काढला. "यात कारणं लिहावी लागतील, शलाकाताई. सगळी. आणि ती कोर्टात सांगावी लागतील."

"सांगेन. माझाही अर्ज तसाच करा."

हेमंत उभा राहिला. "एक मिनिट, मी संमती द्यायला तयार आहे," तो म्हणाला. कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. या अर्जाला ती लागत नव्हती.

"अर्जदाराचा सध्याचा पत्ता?" बोधनकरांनी विचारलं. "नवऱ्यापासून वेगळा असलेला."

शलाकाने आपल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट.

"हा तुमचा झाला. आणि तिचा?"

"तोच लिहा," शलाका म्हणाली. "जागा आहे."