काजासारखी शीर

हे घडलंय. माझ्याच घरात, मंगळवारी, भर दुपारी. चौथी शिकलेल्या बाईला हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमच्या ह्यांच्या मानेवर डावीकडे एक शीर होती. तुमची-आमची जबड्याखालून सरळ खाली उतरते. ह्यांची मध्येच फाटून दोन व्हायची आणि पुन्हा जुळायची. शर्टाच्या काजासारखी. राग गिळला की टरारून फुगायची.

थोरला मुलगा वैद्यकीय कॉलेजात, प्रेतं चिरून शिकवतात त्या हॉलमध्ये कामाला. तिथल्या सरांनी एकदा ती शीर पाहिली आणि मेल्यावर देहच द्या म्हणाले. ह्यांनी तोंडावर नाही म्हटलं.

हे गेले तेव्हा मी तापाने फणफणले होते. थोरल्याने राखेचं मडकं आणून ठेवलं.

दोन महिन्यांनी, त्या मंगळवारी, जेवताना मी विचारलं, "नीट पेटले होते ना रे?"

"हो आई. मीच अग्नी दिला."

आणि त्याच्या मानेवर… शीर वर आली.

दोन झाली. पुन्हा जुळली.

लहानपणी ती मान मीच घासलीय. तिथे असलं काही नव्हतं.

"परत बोल."

"मीच…"

आणखी फुगली.

"कुठे आहेत ते?"

त्याने ताट सरकवलं. "सर म्हणाले, नोकरीत कायम करतो."

"आणि मडक्यात?"

"पाल्याची राख."

दोन महिने मी पाल्याला हात जोडत होते.

तशीच उठले, कॉलेजात गेले. सरांनी चादर काढली. मान सोललेली. पण शिरेच्या जागी…

काहीच नाही.

"काल होती," सर पुटपुटले. "चाळीस मुलांनी वहीत काढली."

दुसऱ्या दिवशी ह्यांना मी स्वतः अग्नी दिला. थोरल्याची शीर मात्र उतरली नाही. तो उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावतो.

परवा नणंद आली. "वहिनी, दादाचं सगळं वेळेवर झालं ना?"

घरची अब्रू वेशीवर कोण टांगणार? म्हटलं, "लेकानेच केलं. त्याच दिवशी."

तिचा कप हातातच राहिला.

"वहिनी… मानेवर काय आलंय हो तुमच्या?"

म्हणून आज खरं ते लिहायला बसले. ओळ लिहायची, मान चाचपायची. खरंच, शीर जरा बसल्यासारखी वाटत होती.

मग शेवटी लिहिलं, पोराला मी माफ केलंय.

आणि बोटांखाली ती… फुगली.